बांधातली राख

लढाईची वर्षं मी शहापूरला काढली. रस्ते, मोऱ्या, पुलांचे कठडे अशी कामं माझ्याकडे असत, आणि वरून हुकूम इतके बदलत की सकाळी आखणीची दोरी घालावी आणि संध्याकाळी ती उचलावी. तानशाकडच्या एका रस्त्याला आधी मोठा दगड मागवला. तो येऊन पडला, तेव्हा बारीक खडी हवी असं ठरलं. ठेकेदार कपाळाला हात लावून बसत. तरी माझ्या कामांवर भांडणं कमी झाली. माझे सोबती याचं श्रेय माझ्या स्वभावाला देत नसत, कारण स्वभाव त्यांनी पाहिला होता. मी तापट माणूस. चहा निवला तरी माझा आवाज चढतो.

माझी एक रीत होती. हुकूम बदलला की मी काम तिथल्या तिथे थांबवायचो. ठेकेदाराला बोलावून झालेल्या कामावर चुन्याची आडवी रेघ मारायचो आणि त्याच्यासमोर वहीत लिहायचो, की रेघेच्या अलीकडचं काम जुन्या बोलीचं, पलीकडचं नव्या बोलीचं. नव्याची बोली मग नव्याने करायची. ठेकेदार मला 'रेघवाले साहेब' म्हणून हसत. वाशिंदचा एक गाडीवान तर म्हणाला, "साहेब, माज्या बैलांवर पण मारा एक रेघ, म्हंजी त्यांना पण कळंल जुनं काम सरलं म्हणून." ही रीत मी कुठल्या पुस्तकात वाचली नाही. मुरबाडच्या बाजूला एका बाईने ती मला शिकवली, आणि तिने शिकवली तेव्हा मला पत्ताही नव्हता की आपण काही शिकतो आहोत.

तेव्हा मी नोकरीत नवा होतो, अजून कायम झालो नव्हतो. मुरबाडहून म्हशाकडे जाणाऱ्या वाटेवर, एका गावाबाहेर गुरांसाठी तळं खोदायचं काम माझ्याकडे आलं. तळं रुंद आणि उथळ करायचं होतं, एका अंगाला उतार ठेवून, म्हणजे बैलांना थेट पाण्यात उतरता यावं. काम उक्तं दिलेलं होतं. उक्तं म्हणजे रोजावर नाही, सगळ्या कामाची मिळून एकच बोली. भाताची कापणी आटोपली आणि मातीवडारांची टोळी आपली गाढवं, पालं आणि कोंबड्या घेऊन तळ्याच्या जागेवर उतरली.

टोळीचा मुकादम आदल्या पावसाळ्याआधी वारला होता. त्याची बायको टोळी घेऊन आली होती. ठेंगणी, काळीसावळी, तोंडात कायम तंबाखूची चिमूट. पहिल्याच दिवशी मी टेप काढून जागा मोजायला लागलो, तर ही गाठी मारलेली दोरी घेऊन दुसऱ्या बाजूने निघाली. मध्यावर आमची गाठ पडली तेव्हा तिचा आकडा आणि माझा आकडा सारखा निघाला. मला त्याचा राग आला. का आला, ते आज सांगता येणार नाही, पण आला.

आठवड्याभरात तिने मला आपला मामला सरळ सांगून टाकला. टोळीने तिला एक हंगाम दिला होता, पौषातल्या म्हशाच्या जत्रेपर्यंतचा. जत्रेत ठेकेदार आणि टोळ्या भेटत, पुढच्या कामांची बोलणी तिथे होत. टोळीच्या वतीने त्या बोलण्यांना ती बसणार की तिचा धाकटा दीर, हे जत्रेआधी ठरायचं होतं. दीर टोळीतच होता. चांगला कामाचा, पण तिच्या प्रत्येक शब्दावर भुवई उडवणारा.

"ह्ये काम नीट गेलं तर टोळी माजी, नायतर त्याची," ती म्हणाली. "तवा साहेब, तुमी नीट वागा, मी नीट वागते."

माझ्याशी असं कोणी बोललेलं नव्हतं. मी "बघू" म्हणून सायकलीवर टांग मारली.

काम तिने असं चालवलं की पाहत राहावं. माणसं कुठे उभी करायची, गाढवांची ये-जा एकमेकांत अडकू न देता कशी फिरवायची, बांधावर पडलेली माती कोणत्या वेळी चोपायची, सगळं तिच्या डोक्यात पक्कं. ती ओरडत नसे. मी दिवसातून तीनदा ओरडत असे आणि त्याने एक पाटीही जास्त माती हलत नसे. वरची काळी माती हातभरच होती, ती चार दिवसांत निघाली. खाली सगळा मुरूम, पार तळापर्यंत एकाच रंगाचा.

आता खुंटांचं सांगितलं पाहिजे. माती खोदताना वडार मधे मधे जमिनीचे खुंट न खोदता उभे ठेवतात. भोवतीची जमीन खाली जाते, खुंट जुन्या उंचीवर राहतो, त्याच्या डोक्यावर गवतसुद्धा तसंच असतं. किती खोल खोदलं ते त्याच्यावरून मोजायचं. माप होऊन वहीत चढेपर्यंत टोळीतलं कोणी खुंटाला कुदळ लावत नाही. लहान पोरंसुद्धा त्याला टेकत नाहीत. माप व्हायच्या आधी ज्या मुकादमाने खुंट पाडला, त्याच्या हाताखाली पुन्हा कोणी उभं राहत नसे. त्यांचा सगळा घाम त्या खुंटात उभा असे.

मार्गशीर्षात एके दुपारी निरोप आला, की उद्या ठाण्याचे साहेब काम पाहायला येणार. मी तळ्याच्या काठावर उभा राहून पाहिलं, तर आत वीसपंचवीस खुंट वेडेवाकडे उभे, म्हाताऱ्याच्या तोंडातल्या दातांसारखे. माझ्या डोक्यात भरलं, की साहेबांना जागा स्वच्छ दिसली पाहिजे. मी तिला बाजूला बोलावलं आणि म्हटलं, हे सगळे खुंट आजच्या आज साफ करून टाका.

"माप झालं नाय अजून, साहेब."

"माप माझ्या डोक्यात आहे. मी लिहीन."

"लिवा आदी, मंग पाडते."

माझा पारा चढला. साहेब उद्या येताहेत, टेप मुरबाडला राहिलाय, माझ्यावर विश्वास नाही का, असं बरंच काही बोललो. टोळी तळ्याच्या पलीकडच्या टोकाला होती, त्यांना यातलं काही ऐकू गेलं नाही. तिने माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग उतरली, स्वतः कुदळ उचलली आणि पहिला खुंट स्वतःच्या हाताने पाडला. टोळी कामं सोडून पाहत राहिली. दिराने विचारलं, "वहिनी, माप झालं काय?" तिने दुसरा खुंट पाडला.

साहेब आले. जागा किती स्वच्छ ठेवली आहे, असं म्हणाले. मी फुगलो. मग त्यांनी गावकऱ्यांशी बोलून सांगितलं, की गावाच्या कडेच्या पाड्यावरच्या माणसांना उन्हाळ्यात प्यायला पाणी नसतं, गावची विहीर त्यांना उघडी नाही. तेव्हा तळ्याचा पूर्वेकडचा अर्धा भाग चांगला खोल न्यावा, माणसांसाठी. पश्चिमेकडचा गुरांसाठी आहे तसा ठेवावा. लेखी हुकूम येईपर्यंत काम बंद. बदल फार चांगला होता. पाड्यावरच्या म्हाताऱ्या तिथल्या तिथे साहेबांच्या पाया पडायला लागल्या. मुकादमीण मात्र बांधाकडे पाहत उभी होती.

साहेबांना मुख्य वाटेपर्यंत पोचवून मी परतलो, तर माझा विश्वास बसेना. सगळा बांध राखाडी झालेला. टोळीतल्या बायका चुलींतली राख पाट्यांनी आणून बांधाच्या माथ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरत होत्या. गावातूनही राख मागून आणली होती. मी ओरडत धावलो, की साहेबांची पाठ वळली नाही तोवर हा काय घाणेरडेपणा.

"मुंग्या, साहेब," ती शांतपणे म्हणाली. "मुंग्या बांध पोखरतात. राख घातली का येत नाय. लिवून ठेवा तुमी, दुसरीकडं उपेगी पडंल."

उपयोगी सूचना वहीत टिपून ठेवायची मला भारी हौस होती. रात्रीपर्यंतही थांबलो नाही, तिथेच बांधावर बसून रोजनिशीत लिहिलं. ती शेजारी उभी राहून माझी लेखणी थांबेपर्यंत पाहत होती. "लिवलं?" म्हणून विचारलं. मी हो म्हटलं.

पंधरा दिवसांनी लेखी हुकूम आला. त्यात खोली होती, लांबी-रुंदी होती, वाढीव कामाच्या बोलीचा मात्र शब्द नव्हता. आमच्या कचेरीतल्या कारकुनाने कागद काढून दाखवला. बोली होती 'तळे खोदून देणे', आणि तळं अजून खोदून झालेलं नव्हतं. मीही तीच री ओढली. तिला म्हटलं, "बाई, उक्तं म्हणजे उक्तं."

"उक्तं व्हतं जुन्या तळ्याचं," ती म्हणाली. "ह्ये नवं तळं हाय. काम मी थांबवत नाय, पाड्यावरच्या बायांना पाणी पायजे. पर जुन्याचं जुनं आन् नव्याचं नवं, ह्ये तुमच्या मोठ्या साहेबांना सांगा."

मी सांगितलं. साहेबांचं उत्तर आलं, की वाढीव काम वेगळं धरू, पण बदलाच्या दिवसापर्यंत जुनं किती झालं होतं ते दाखवा. जत्रेच्या आधी स्वतः येऊन पाहतो.

आणि दाखवायला काही नव्हतं. खुंट गेले होते. माझ्या डोक्यातलं माप वहीत चढलंच नव्हतं. साहेबांच्या शाबासकीच्या नादात राहून गेलं आणि नंतर आठवेना. तिकडे टोळीत कुजबूज उघडी व्हायला लागली. दीर सगळ्यांदेखत म्हणू लागला, की हिने स्वतः पहिला खुंट पाडला, आपण डोळ्यांनी पाहिलं, माप नाही, काही नाही. जत्रेत बोलायला बसणारी ही बाई. टोळीतली म्हातारी माणसं माना हलवू लागली. मी तिथेच उभा असे. ती माझ्याकडे बोट दाखवील म्हणून रोज मनाची तयारी करून जायचो, काय उत्तर द्यायचं तेही घोकून ठेवलं होतं. तिने बोट दाखवलं नाही. मुरूम कठीण लागत होता, ती पहार घेऊन माणसांत उतरत होती. मला हायसं वाटायचं. हे लिहायला लाज वाटते, पण हायसंच वाटायचं.

साहेब आले त्या दिवशी वाटेवरून जत्रेला जाणाऱ्या बैलांची रांग लागली होती. साहेबांनी तळं पाहिलं, खूश झाले, मग विचारलं, "जुनं काम किती?" दीर पुढे झाला आणि त्याने खुंट पाडल्याची हकिकत सांगितली, तिच्याकडे हात करून.

तिने तंबाखू थुंकली, पदर खोचला.

"साहेब, खड्ड्यातनं गेलं त्ये बांधावर हाय," ती म्हणाली. "बांध चिरा."

आपणच चोपून चोपून पक्का केलेला बांध तिने तीन ठिकाणी स्वतः उभं राहून कापून घेतला, भाकरी मोडावी तसा. आणि तिन्ही चिरांत, तळच्या काळ्या मातीच्या वर, एकसारख्या मुरमात, बोटभर जाडीची राखाडी आडवी रेघ दिसली. राख. रेघेच्या खालचं सगळं बदलाच्या आधीचं. रेघेच्या वरचं सगळं नंतरचं. आता लांबी, रुंदी, उंची धरून कोणीही मोजावं. साहेब खाली बसले आणि त्या रेघेवरून त्यांनी बोट फिरवलं. मी तर तोंड उघडं टाकून पाहत होतो. मुंग्या!

"राख त्याच दिवशी टाकली कशावरून?" साहेबांनी विचारलं. प्रश्न रास्त होता.

"मला लिवता येत नाय," ती म्हणाली. "ह्या साहेबांच्या वहीत असंल."

मी रोजनिशी काढली. पान उघडलं आणि वाचलं, "बांधाच्या माथ्यावर राख पसरल्यास मुंग्या लागत नाहीत असे कळते. आज या कामावर तसे केले." टोळी हसली, साहेबांचा शिपाई हसला, साहेबही गालात हसले. मला त्या हसण्याचं काही वाटलं नाही, कारण मी त्याच पानावरची वरची ओळ पाहत होतो.

"तारीख?" साहेब म्हणाले. "आणि पान पहिल्यापासून वाचा. मी त्या दिवशी आलो होतो ते असेलच."

होतं. पानावर तीनच ओळी होत्या. पहिली साहेबांच्या भेटीची, तिसरी राखेची. वही माझ्या हातात होती आणि माझं अक्षर माझ्याखेरीज कोणाला लागत नसे. मधली ओळ गाळली असती तर त्या माळावर एकाही माणसाला कळलं नसतं. बोलीचं भांडण तर मिटलंच होतं, राखेने मिटवलं होतं. राहिलं होतं ते फक्त तिचं आणि टोळीचं. दीर अजून हाताची घडी घालून उभा होता आणि टोळी त्याच्या अंगाला उभी होती. ती एका गाढवाच्या पाठीवरची दोरी आवळत होती. माझ्याकडे पाहत नव्हती.

मी पहिली ओळ वाचली आणि थांबलो. वाटेवरून बैल जात होते, त्यांच्या घुंगरांचा आवाज येत होता. मग मी मधली ओळ वाचली, "साहेबांच्या भेटीपूर्वी तळ्यातील खुंट माझ्या हुकमावरून काढून जागा साफ करून घेतली. मुकादमिणीची हरकत होती." तिची ही हरकत मी त्या दिवशी ऐटीत लिहिली होती, तिच्या आडमुठेपणाचा दाखला म्हणून.

साहेबांनी माझ्याकडे पाहून एवढंच विचारलं, "माप होण्याआधी खुंट काढतात का?" मी नाही म्हटलं. त्यांनी आपल्या कागदावर काहीतरी टिपलं, आणि मी कायम व्हायला आणखी दीड वर्ष लागलं. ते वाजवीच झालं. मग साहेब तिला म्हणाले, की वाढीव काम वेगळं धरलं जाईल, आता काही म्हणणं आहे का.

"हाय ना," ती म्हणाली. "बांध तीन जागी चिरलाय. त्यो भरायचा, चोपायचा. त्ये काम तिसरं."

साहेब मोठ्याने हसले आणि हो म्हणाले. मग हाताची घडी सोडून दिराने चोपणं उचललं आणि पहिली चीर भरायला गेला. त्याच्या मागून बाकीचे गेले. आयुष्यात मी पुष्कळ हुशार माणसं पाहिली, शिकलेली, इंग्रजी कायदे पाठ असलेली. त्या बाईच्या तोडीचं डोकं मला फार कमी दिसलं. तिच्या हातात कागद नव्हता, लेखणी नव्हती, खुंटांचे साक्षीदार मीच पाडायला लावले होते. तिने तासाभरात नवा साक्षीदार जमिनीत निजवला आणि त्याची नोंद जुने साक्षीदार पाडायला लावणाऱ्याच्याच हाताने करून घेतली.

जत्रेत मी गेलो होतो, कामाशिवाय. ठेकेदारांच्या घोळक्यात ती बसलेली दिसली, दीर तिच्या मागे उभा. बोलणी आटोपल्यावर ती घोंगड्यांच्या दुकानापुढे आली, तिथे मी तिला गाठलं. घोंगडी उलटीपालटी करून ती वीण पाहत होती. मला विचारायचंच होतं. एवढे दिवस टोळी तोंडावर बोलत होती, दीर डोक्यावर बसला होता, तुमचा हंगाम जात होता. एका शब्दात सुटल्या असतात. ह्या साहेबांनी खुंट पाडायला लावले, एवढंच सांगायचं होतं. का नाही सांगितलंत?

तिने घोंगडी खाली ठेवली.

"सांगितलं असतं तर तुमी नाय म्हणाला असता," ती म्हणाली. "साहेबाचं नाय आन् वडारणीचं हाय. कोनचं चाललं असतं? आन् एकडाव नाय म्हणालात, का मंग तुमी आमचे वैरी झालात. माजं फुडलं माप तुमच्याच हातात व्हतं."

"छे," मी म्हणालो, "मी नाही म्हटलं नसतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. मग दुकानदाराशी घासाघीस करायला ती पुन्हा वळली.

नाही म्हणण्यासाठी मी घोकून ठेवलेली वाक्यं मला अजून पाठ आहेत.